श्रवणयंत्र नुसते वाटू नका, कानाला जुळवून द्या : केंद्रीय सामाजिक न्याय मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्री, नवी दिल्ली यांस,

महोदय,

दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या आपल्या मंत्रालयाच्या एडिप योजनेतून गरजूंना श्रवणयंत्रे मिळतात. कागदावर यंत्र हातात पडले की काम झाले. पण श्रवणयंत्र म्हणजे चष्मा नव्हे. नंबर बरोबर आला की अक्षर दिसते. कानाचे तसे नाही. कोणत्या पट्टीतला आवाज किती वाढवायचा, हळू बोलणे किती उचलायचे, भांडी आपटल्याचा आवाज किती दाबायचा, हे सगळे ठरवावे लागते. ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणतपासणीचा आलेख, तंतोतंत सारखा असलेल्या दोन माणसांनाही ते वेगवेगळे लागते. ही जुळवणी घाईत उरकली की यंत्र डबीत जाते आणि डबी कपाटात.

आज जुळवणीची सुरुवात सूत्राने होते. ऑस्ट्रेलियात तयार झालेले एनएएल-एनएल2 हे त्यातले सर्वांत परिचित. 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे ऐकू येण्याचे उंबरठे, म्हणजे जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या पातळ्या, भरले की कुठे किती गेन, म्हणजे आवाजात किती वाढ, द्यायची ते सूत्र सांगते. सूत्र चांगले आहे, पण ते सरासरी कानासाठी आहे. समोरच्या माणसाला मराठीतला ‘चार’ आणि ‘चारा’ वेगळा ऐकू येतो का, हे त्याला ठाऊक नसते. ‘चारा’तल्या दंत्य ‘च’चे घर्षण जास्त उंच पट्टीत, साधारण 4000 हर्ट्झच्या वर असते. वयोमानाने आधी खालावते ती हीच पट्टी.

सूत्रानंतरचा रस्ता उत्क्रांती संगणनाने सुकर होतो, म्हणजे चांगले पर्याय निवडत आणि त्यांच्या मिसळणीतून पिढीगणिक नवे घडवत जाणाऱ्या संगणकी पद्धतीने. जपानमध्ये हिदेयुकी ताकागी आणि मिहो ओसाकी यांनी श्रवणयंत्राच्या जुळवणीसाठी ही पद्धत मांडली, तो शोधनिबंध 2007 चा. फ्रान्समध्ये कॉक्लिअर इम्प्लांटच्या, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवणसाधनाच्या, जुळवणीसाठीही ती वापरून पाहिली गेली.

पद्धत अशी. एक सेटिंग म्हणजे नऊ आकडे : खालची, मधली आणि वरची पट्टी, आणि प्रत्येकीत हळू, मध्यम व मोठ्या आवाजाचा गेन. प्रत्येक आकडा सूत्राच्या उत्तरापासून 3 डेसिबलच्या पायऱ्यांनी उणे 9 ते अधिक 9 सरकू दिला, तर सात पर्याय होतात आणि एकूण सेटिंग्ज 4 कोटींच्या वर जातात. त्या एकेक करून ऐकवणे अशक्य. म्हणून सूत्राच्या आसपासच्या आठ सेटिंग्ज घ्यायच्या आणि त्यांची बाद फेरी लावायची. एकच वाक्य दोन सेटिंग्जमधून ऐकवायचे आणि विचारायचे, “आजी, पहिलं बरं वाटलं की दुसरं?” सात तुलनांत विजेता ठरतो. विजेता आणि उपविजेता तसेच ठेवायचे, पहिल्या चौघांच्या संकरातून चार नवी सेटिंग्ज करायची, आणि विजेत्यातला एखादा आकडा 3 डेसिबलने हलवून आणखी दोन. झाली पुढची पिढी. एका तुलनेला 15 सेकंद धरले तर पाच पिढ्या नऊ मिनिटांच्या आत होतात. समजावणे आणि विश्रांती धरून अर्धा तास.

आजींना डेसिबल कळायची गरज नाही. “घुमतंय” किंवा “टोचतंय” हे शब्दांत सांगणेही अवघड असते. दोनांतले बरे निवडणे कुणालाही जमते.

पण हे संगणकावर सोडून मोकळे होण्यासारखे काम नाही. चुका कुठे होतात ते आम्ही स्पष्ट लिहितो, कारण निविदा काढणाऱ्यांना तेच माहीत असायला हवे.

सर्वांत मोठी अडचण थकव्याची. वीस-पंचवीस तुलनांनंतर लक्ष उडते आणि उत्तरे वाटेल तशी येऊ लागतात. म्हणून तिसऱ्या पिढीनंतर थांबून पाणी द्यावे आणि आधीची एक जोडी न सांगता पुन्हा ऐकवावी. उत्तर उलटले तर त्या दिवशी तिथेच थांबावे. दुसरी अडचण अशी की जरा मोठा आवाज नेहमीच ‘बरा’ वाटतो. म्हणून दोन्ही नमुन्यांचा एकूण मोठेपणा सारखा केल्याशिवाय तुलना करू नये. पहिले-दुसरे हा क्रमही अदलून बदलून ठेवावा.

तिसरी अडचण आवडीचीच आहे. अनेक वर्षे उंच पट्टी न ऐकलेल्या माणसाला ती पहिल्या दिवशी कर्कश वाटते, तो ती कमी असलेले सेटिंग निवडतो आणि शब्द मात्र हरवतात. वरच्या पट्टीला किमान मर्यादा घालावी, शेवटी शब्द ओळखण्याची चाचणी घ्यावी आणि साधारण महिन्याने सगळी फेरी पुन्हा करावी. यंत्रातून निघणाऱ्या कमाल आवाजाची मर्यादा तर शोधात घ्यायचीच नाही. ती कानाला असह्य होणारी पातळी मोजून आधीच कुलूपबंद करावी, नाहीतर उरलेले ऐकणेही धोक्यात येते.

आणि इअर मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा. तो सैल असेल तर उंच गेनला शिट्टी वाजते आणि प्रत्येक पिढी शिट्टी टाळण्याकडे सरकते. जुळवणी मग कानाची न होता सैल मोल्डची होते. मोल्ड आधी, शोध नंतर.

लहान बाळांसाठी ही पद्धत नाही. ती आवड सांगू शकत नाहीत. त्यांची जुळवणी मोजमापानेच व्हावी.

आमची विनंती तीन गोष्टींची आहे. खरेदीच्या अटींत असे लिहा की यंत्राचे गेन बाहेरच्या सॉफ्टवेअरला बदलता आले पाहिजेत. आज प्रत्येक उत्पादकाचे जुळवणीचे सॉफ्टवेअर आपापले आणि बंद असते, त्यामुळे अशी पद्धत शिबिरात चालवताच येत नाही. तयार पायाही उपलब्ध आहे : जर्मनीतील ओल्डेनबर्गचे ओपनएमएचए हे श्रवणयंत्राचे मुक्त सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालते, प्राथमिक चाचण्या त्यावर करता येतील. दुसरे, प्रत्येक यंत्रामागे जुळवणीचा अर्धा तास आणि महिन्यानंतरची एक भेट यांचा खर्च योजनेतच धरा. तिसरे, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेकडून मराठी वाक्यांचे ध्वनिमुद्रण करून घ्या, स्त्री आणि पुरुष दोन्ही आवाजांत, शांत खोलीतले आणि एसटी स्थानकाच्या गोंगाटातले. वऱ्हाडी, मालवणी आणि अहिराणी बोलणाऱ्यांसाठी वेगळे संच हवेत, कारण आजींनी कौल द्यायचा आहे तो त्यांच्या घरात बोलल्या जाणाऱ्या बोलीवर.

आपले,
श्रवणयंत्र जुळवणीत काम करणारे श्रवणतज्ज्ञ आणि अभियंते