पायाशी माईक ठेवणाऱ्या दादांना

दादा,

तुमचं खरं नाव मला अजून माहीत नाही, विचारायचं राहूनच गेलं. आणि दादा म्हणतोय खरा, पण नंतर बोलता बोलता कळलं की तुम्ही माझ्यापेक्षा चांगले आठ-नऊ वर्षांनी लहान आहात. असू दे, तोंडात बसलंय ते बसलंय.

काल रात्री आसेटो कोर्सा या गाड्यांच्या रेसच्या गेममध्ये ब्रँड्स हॅच ट्रॅकला सलग अकरा लॅप मारले. गाडी तीच, पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, पाच गिअरवाली. ऑटो क्लच बंद, ऑटो ब्लिप (खालचा गिअर टाकताना गेमने आपोआप अ‍ॅक्सिलरेटर दाबणं) बंद, सगळं पायाने आणि हाताने, आणि ड्रुइड्सच्या वळणावर गाडी एकदाही घसरून गोल फिरली नाही. एकदाही नाही! हेडफोन काढले आणि दहा मिनिटं तसाच बसून राहिलो. बायको डोकावून गेली, तिला वाटलं परत काहीतरी मोडलं. त्याच तंद्रीत तुमचे आभार मानायला लिहायला घेतलंय, पाल्हाळ लागलं तर सांभाळून घ्या.

मूळ चूक माझीच, माज होता. बारा वर्षं रोज खरी गाडी चालवतोय, चढावर हँडब्रेक न लावता उचलतो, मला गेमचा क्लच काय शिकवणार? तीन पेडलचा सेट आणि एच पॅटर्नचा शिफ्टर, म्हणजे खऱ्या गाडीसारखा हाताने गिअर टाकायचा दांडा, आणला, जोडला, पहिला गिअर टाकला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला, इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाहीये. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांचं एकच, 'सेटिंग चेक कर.' अरे पण कुठलं सेटिंग? कंपनीला मेल केला तर ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून परत टाका म्हणाले. टाकला. परत मेल केला तर परत तेच. तिसऱ्यांदाही तेच, शब्द न शब्द तेच उत्तर, तेव्हा कळलं की पलीकडे कुणी वाचतच नाहीये.

तुम्ही एका ओळीत संपवलंत. गेम चालू झाला की तिन्ही पेडल एकदा तळापर्यंत दाबून सोडा, तुमच्या गेमला क्लच अर्धा दाबलेलाच दिसतोय. बस. तेवढ्यावर गाडी सुटली.

पण आभार त्यासाठी नाहीयेत, ते कुणीतरी कधीतरी सांगितलंच असतं. खरा त्रास पुढे सुरू झाला. ब्रेक मारत तिसऱ्यावरून दुसरा टाकला, क्लच सोडला, की गाडीची मागची बाजू घसरून निघालीच. दर वेळी. पॅडक हिलचं वळण उतरून वर चढायचं, ड्रुइड्सला दुसरा टाकायचा आणि पुढच्या क्षणी तोंड आलो त्या दिशेला. मला वाटायचं टायर थंड आहेत, मग वाटलं ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी, मग वाटलं क्लचच्या पेडलमध्ये धूळ गेली, ते पण उघडून साफ केलं.

आणि लोकांना विचारावं तर पेडलबद्दल विचारलं की पॅडलबद्दल, म्हणजे स्टिअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पट्ट्यांबद्दल, उत्तर. 'पॅडल शिफ्टर वापर ना भावा, फास्ट असतं.' अरे माहितीये मला! जीटी३ वर्गाच्या रेसच्या गाड्यांना पळताना गिअर बदलायला क्लच लागत नाही हेही माहितीये. फॉर्म्युला वनमध्ये फेरारीने १९८९ साली स्टिअरिंगमागे पॅडल आणले आणि पहिल्याच रेसला मॅन्सेल जिंकला, हेही. पण मग १९९१ ला आयर्टन सेना चॅम्पियन झाला तो मॅकलॅरेनमध्ये हाताने गिअर टाकतच ना? आणि मला फास्ट व्हायचंच नव्हतं हो, मला ती जुनी गाडी ती जशी आहे तशी चालवायची होती. एकाने तर नुसतं 'स्किल इश्यू' लिहिलं आणि त्याला चौदा लोकांनी हसरे चेहरे चिकटवले. त्या रात्री शिफ्टर परत खोक्यात भरला होता, खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी तुमचा मेसेज, व्हॉइसवर या. आलो. मला वाटलं आता हील-टो वर, म्हणजे एकाच पायाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर सांभाळण्यावर, लेक्चर. तुम्ही विचारलंत, 'खरी गाडी चालवताना क्लच लागला हे तुम्हाला कुठे कळतं?' मी म्हटलं पायाला कळतं, सीटला कळतं, गाडी जरा थरथरते. तुम्ही म्हणालात मग इथे कुठे कळणार, इथे पायाखाली नुसती स्प्रिंग आहे, ती कायम सारखीच लागते, आणि सीट तर काय, खुर्ची आहे. इथे कान.

आणि मग तुम्ही तो माईक काढून खाली पायाशी ठेवलात.

काही बोलला नाहीत. दोन लॅप मारलेत फक्त. मी डोळे मिटून ऐकत होतो. आधी ब्रेकचा जड आवाज, मग क्लच खाली गेल्याचा धप्प, शिफ्टरचा खट्, आणि त्या खट् च्या आसपासच, पाय ब्रेकवरून न उचलता, अ‍ॅक्सिलरेटरला बाजूने मारलेली एक बारीकशी टिचकी. मग क्लच वर. धप्प, खट्, टिक, आणि सोड. ती टिचकी मला आजवर कुणी ऐकवलीच नव्हती. वाचली शंभरदा होती. इंजिनाचे आरपीएम खाली असताना दुसरा गिअर टाकून क्लच सोडला की इंजिनाला वर खेचायचं काम मागच्या चाकांवर येतं, ती आधीच ब्रेकने हलकी झालेली असतात, ती सुटणारच. हे सगळं मला पाठ होतं. पण माझा पाय ती टिचकी क्लच सोडल्यावर मारत होता, म्हणजे भांडण झाल्यावर समजूत घालायला. तुमचे पाय ऐकले तेव्हा कळलं.

आणि दुसऱ्या लॅपला तुमचाच गिअर चुकला. खट् झालं पण इंजिन एकदम बसलं, तुम्ही लांबून, म्हणजे माईक खाली होता म्हणून लांबून, 'चुकलं' म्हणालात आणि पुढे चालवत राहिलात. परत केलं नाहीत, सारवासारव नाही, हसला पण नाहीत. माझ्यासाठी तिथेच गाठ सुटली असं वाटतं. ज्याला येतं त्याचंही चुकतं, आणि तो ते ऐकू देतो. मला आधी भेटलेल्यांपैकी कुणाचंच कधी काही चुकत नव्हतं बघा.

अशी माणसं असतात अजून. स्वतःच्या रेसची वेळ टळून गेली (हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं, तुम्ही सांगितलं नाहीत) तरी एका अनोळखी माणसासाठी पाऊण तास खाली वाकून माईक सरकवत बसणारी. सांगताना समोरच्याला लहान न करणं हे गाडी चालवण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि त्याचा कुणी टाईम पण लावत नाही.

असो. मीही काल शेवटच्या दोन लॅपना माईक खाली ठेवून रेकॉर्ड केलंय, तुम्हाला पाठवलंय. दुसऱ्या लॅपला ड्रुइड्सपाशी तिसऱ्यावरून दुसरा टाकायला गेलो आणि हात सरळ खाली आला, चौथा पडला. गाडी फिरली नाही, पण मी 'चुकलं' म्हणालोय. ते कापलं नाहीये.