प्रत्येक जळजळ म्हणजे 'उन्हाळी' नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत कुणाला लघवीला जळजळ झाली की घरात, शेजारी, कारखान्यात सगळ्यांचं निदान एकच : उन्हाळी लागली. सब्जा घ्या, धन्या-जिऱ्याचं पाणी प्या. इथल्या उन्हात ते बहुतेक वेळा बरोबरही निघतं. माझं निघालं नाही.

मी अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात दिवाणजी आहे, वय 41. दिवसाचे दहा तास खुर्चीत. गेल्या वर्षी लागलेली 'उन्हाळी' श्रावण आला तरी हटेना. बसतो त्याच जागी, अगदी आत ठणका, रात्री तीनदा उठणं, आणखीही काही, जे माणूस बायकोलाही सांगत नाही. मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, मग दुसऱ्या. शेवटी मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो तर पहिलाच प्रश्न, "अँटिबायोटिक घेतलंय का?" हो म्हणताच ते वैतागले. गोळ्या पोटात गेल्यावर लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू सापडणार कसे?

दुखणं होतं प्रोस्टेटच्या सुजेचं. प्रोस्टेट म्हणजे म्हाताऱ्यांचं किंवा कॅन्सरचं, अशीच माझी समजूत. पण पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या, अक्रोडाएवढ्या या ग्रंथीला सूज येते ती पन्नाशीच्या आतही, आणि ती कॅन्सर नव्हे. थंडी वाजून सणकून ताप, लघवी अडणं असं असेल तर ते जंतूंचं (बहुधा आतड्यातल्या ई. कोलायचं) काम, तिथे तडक दवाखाना गाठायचा. पण महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या दुखण्यात दहातल्या नऊ रुग्णांत जंतू सापडतच नाहीत. ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू, मज्जातंतू, मनावरचा ताण अशी कारणं सांगतात. नेमकं एक बोट ठेवता येत नाही. माझी खुर्चीही निर्दोष नसावी.

तपासणी म्हणजे गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपणं. लाज वाटते, पण मिनिटभरात संपतं. जुनाट दुखण्यात ग्रंथी दाबण्यापूर्वीची आणि नंतरची अशा लघवीच्या दोन बाटल्या तपासतात. तापाच्या रुग्णाची ग्रंथी मात्र अशी दाबत नाहीत, जंतू रक्तात जाण्याची भीती असते.

एका मित्राचा पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा आकडा, कॅन्सरच्या शंकेने तपासतात तो) वाढलेला आला, तर घरात रडारड. सुजेनेही हा आकडा वाढतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. सूज उतरल्यावर दोन महिन्यांनी पुन्हा तपासला, तेव्हा खाली आला होता.

आपल्या आरोग्याच्या पानावर मूतखडा दर उन्हाळ्यात असतो. एखाद्या आठवड्यात या दुखण्यालाही जागा द्यावी. आणि 'लघवी तपासायला दिल्याशिवाय मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊ नका' ही ओळ जरा ठळक छापावी. मला ती साडेतीन महिने उशिरा कळली.

आपला,
एक दिवाणजी, सोलापूर