सुरतेच्या कबरींवर खडू घासू नका

संपादक महोदय,

सुट्टीत सुरतेला जाणारी मराठी कुटुंबं साडी बाजार करतात, घारी-लोचो खातात आणि परततात. १६६४ आणि १६७०च्या स्वाऱ्यांमुळे शाळेपासून ओळखीच्या झालेल्या या शहरातल्या इंग्रज आणि डच दफनभूमींकडे थोडेच फिरकतात. त्यातलेही काही जण अक्षरं उठून दिसावीत म्हणून शिलालेखांवर खडू घासतात, बाटलीतलं पाणी ओततात. म्हणून हे पत्र.

आधी पत्ता. रिक्षावाल्याला नुसतं ‘डच’ म्हटलं तर तो डच गार्डनला नेण्याची शक्यता जास्त. ते नानपुऱ्यातलं उद्यान, या कबरी तिथे नाहीत. ‘कतारगाम दरवाजा’ सांगावं.

इंग्रजांच्या दफनभूमीत सर्वांत भव्य वास्तू ऑक्झेंडेन बंधूंची. दुमजली, घुमटाची; लांबून एखाद्या मुसलमान सरदाराचा मकबराच वाटावा. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला. त्याचा लॅटिन मृत्युलेख व्यापाऱ्याच्या जमाखर्चाच्या भाषेत, नफा-तोट्याचा हिशेब मांडत लिहिलेला आहे. जॉर्ज १६६९ मध्ये गेला. शिवाजी महाराजांच्या पहिल्या स्वारीच्या वेळी इंग्रज वखार लढवणारा प्रमुख तो हाच. राज्याभिषेकाला रायगडावर आलेला हेन्री याच घराण्यातला.

डचांकडे त्यांचा मलबारमधला गव्हर्नर राहिलेला हेंद्रिक व्हान रीड (मृत्यू १६९१) याची घुमटाची कबर चुकवू नये. मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ त्याने करवून घेतला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या वैद्यांचं, वनस्पतींच्या माहितीबद्दलचं नागरी लिपीतलं कोंकणी प्रमाणपत्र छापलेलं आहे. हे ठाऊक असलं की त्या घुमटाखाली उभं राहणं वेगळंच वाटतं.

आता वाचण्याबद्दल. भर दुपारी ऊन डोक्यावर असताना झिजलेली अक्षरं सपाट दिसतात. सकाळी लवकर जावं, आणि मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने धरावा. प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली पडते आणि लेख उमटून येतो. टॉर्च चारही बाजूंनी धरून एकेक फोटो घ्यावा. एकात न दिसलेलं दुसऱ्यात सापडतं. खडूची भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते, ती काढायला कुणीतरी ब्रश घासतो आणि त्यात अक्षराची कडच जाते. ओतलेलं पाणी चुन्याच्या गिलाव्यात मुरतं, सुकताना क्षार वर आणतं, लोणा लागतो आणि पापुद्रे सुटतात.

तारखांबाबतही सावध राहावं. त्या काळी इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून १६६४च्या जानेवारीतली स्वारी त्यांच्या कागदांत १६६३ची दिसते. शिवाय त्यांचं पंचांग आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन गणनेपेक्षा दहा दिवस मागे होतं.

ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारकं आहेत. नाव कोरणं किंवा नुकसान करणं यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

केवडियाच्या सहली सुरतेवरून नेणाऱ्या प्रवासी कंपन्यांनी इथे सकाळचे दोन तास ठेवावेत. आणि पुरातत्त्व खात्याने प्रमुख मृत्युलेखांचे गुजराती, हिंदी व मराठी अनुवाद कबरींपासून चार हात दूर, फलकावर लावावेत. लेख समोर वाचता आला तर खडू बाहेर निघणारच नाही.

– एक वाचक, ठाणे