सूचना : ड्रोन पायलट सभासदांची बैठक

सर्व पायलट सभासद आणि ड्रोन दिदींनो,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता सेवा सोसायटीच्या गोदामात बैठक आहे. परवान्याच्या वादात पायलटला मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणाचा सरकारने आढावा घ्यावा, असं निवेदन नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला पाठवायचं आहे.

ध्यानात ठेवा, ड्रोन नियम २०२१ प्रमाणे तुमची बाजू ऐकल्याशिवाय प्रमाणपत्र रद्द करता येत नाही. २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमात दंडाविरुद्ध दुसऱ्या अपिलाचीही सोय आहे. पण ऐन फवारणीत सुनावणी लांबली तर कास्तकाराची कपाशी आणि आपला हंगाम दोन्ही हातचे जातात. निवेदनात यावरच जोर द्यायचा.

सोबत आणा :
- रिमोट पायलट प्रमाणपत्राची झेरॉक्स
- नोटीस आली असल्यास लिफाफ्यासकट. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख कामी पडते

तोवर कोणत्याही कोऱ्या कागदावर सही करू नका.