पाटीवरचा ‘ई’

गिरगाव, मुंबई

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार.

दुकानाच्या पाटीचा नमुना पाहिला. रंग झकास, मराठी अक्षर ठसठशीत. पण पाटीवाल्याला आधी फोन कर आणि अक्षरं चिकटवणं थांबव. इंग्रजी ‘स्टेशनरी’च्या शेवटी त्याने ए-आर-वाय लावलंय, तिथे ई-आर-वाय हवं. सध्याच्या पाटीचा अर्थ होतो ‘जागचं न हलणारं’. परळचं दुकान हलत नाही हे खरंच, पण वह्या-पेनं त्या शब्दात कुठेच येत नाहीत.

दोष एकट्या पाटीवाल्याचा नाही. दोन्ही शब्दांचा उच्चार एकच, आणि देवनागरीत दोन्ही सारखेच लिहितात. म्हणून वरची मराठी ओळ बरोबर असते आणि घोळ होतो तो खालच्या इंग्रजीत. कॉम्प्युटरही लाल रेघ मारत नाही, कारण दोन्ही स्पेलिंगं कोशात आहेत.

‘ए’वाला शब्द विशेषण आहे. सिग्नलला उभी असलेली बस, जिममधली जागच्या जागी चालवायची सायकल, यांना तो लागतो. ‘जिओस्टेशनरी’ उपग्रहातही हाच ‘ए’. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर तो पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखून फिरतो, त्यामुळे खालून बघणाऱ्याला एका जागी खिळलेला दिसतो. गच्चीवरची टीव्हीची डिश एकदा रोखून बसवली की पुन्हा फिरवावी लागत नाही, ती यामुळेच.

‘ई’वाला शब्द म्हणजे तुझा माल. हा कुठून आला ते कळलं की स्पेलिंग पाठ करावं लागत नाही. मध्ययुगीन युरोपात विद्यापीठांच्या आसपास पुस्तकं विकणारे असत. बाकीचे बरेच विक्रेते गावोगाव फिरून माल विकत, हे मात्र एका जागी ठाण मांडून बसत. त्यावरून लॅटिनमध्ये त्यांना ‘स्टेशनेरियस’ म्हणू लागले. आपल्या भाषेत एक फेरीवाला, दुसरा गाळेवाला. त्याचंच इंग्रजीत ‘स्टेशनर’ झालं. लंडनमध्ये या मंडळींचा संघ १४०३ साली उभा राहिला आणि १५५७ साली त्याला राजाज्ञेची सनद मिळाली; पुढे कितीतरी वर्षं इंग्लंडातल्या छपाईवर त्याचा वचक होता. काळाच्या ओघात पुस्तकविक्री वेगळी झाली आणि स्टेशनरकडे कागद, शाई, लेखण्या उरल्या.

म्हणजे मुळात दोन्ही शब्द सख्खे भाऊच, ‘उभं राहणं’ या एकाच धातूतून निघालेले. आपले ‘स्थान’ आणि ‘स्थिर’ त्याच कुळातले. आणि ‘श्रीस्थानक’वरून आलेलं ठाणंसुद्धा! ठाण्याला स्टेशन आहे, हे म्हणजे स्थानाला स्थान.

असो. खूण अशी ठेव: आधी दुकानदार, मग त्याचा माल. बेकरवरून बेकरी, ग्रोसरवरून ग्रोसरी, तसं स्टेशनरवरून स्टेशनरी. दुकानदाराच्या शेवटी ई-आर, म्हणून मालातही ई-आर. पेपरच्या शेवटीही तेच, हे आणखी सोपं. पण उलटा नियम करू नकोस. ‘प्रायमरी’, ‘टेम्पररी’ ही ए-आर-वायवाली विशेषणं खरी, तरी ‘लायब्ररी’ हे नाम असून त्यातही ए-आर-वायच आहे.

आणखी एक. बिलबुकाच्या मसुद्यात तू ‘स्टेशनरीज’ लिहिलंयस, ते काढ. इंग्रजीत हा शब्द फर्निचरसारखा आहे, त्याचं अनेकवचन होत नाही. नग मोजायचे तर ‘स्टेशनरी आयटम्स’ लिही, किंवा सरळ माल लिही: ए-फोर कागद, ७५ जीएसएम (म्हणजे दर चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा), ५०० पानांचं एक रीम. असं लिहिलं की घाऊकवाल्याशी वाद होत नाही. अब्दुल रेहमान स्ट्रीटवर ऑर्डर देताना नुसतं ‘कागद’ म्हटलंस तर जो हाताशी असेल तोच गठ्ठ्यात येईल.

पाटीवर तुला जागा कमी पडतेय, तर ‘स्टेशनर्स’ हा शब्द घे. मुंबईतल्या जुन्या पाट्यांवर ‘बुकसेलर्स अँड स्टेशनर्स’ असंच असायचं, आणि त्यात ‘ए’ की ‘ई’ हा प्रश्नच उरत नाही. मला तरी तोच जास्त भारदस्त वाटतो. मराठी ओळ मात्र वरच राहू दे आणि तिची अक्षरं इंग्रजीपेक्षा लहान करू नकोस. कायदा तसाच आहे.

‘स्टेशनरी’च ठेवणार असशील तर अॅक्रिलिकचं एकच अक्षर बदलावं लागेल. पण ‘ई’ हा ‘ए’पेक्षा अरुंद असतो. नुसता ‘ए’ काढून त्या जागी ‘ई’ चिकटवला तर दोन्ही बाजूंना फट दिसेल आणि शब्द तुटका वाटेल. म्हणून शेवटची तीनही अक्षरं सरकवून पुन्हा आखून घे. रबरी शिक्का आणि व्हिजिटिंग कार्डं याच नमुन्यावरून जाणार असतील, तर तीही आजच थांबव. गुमास्त्याच्या, म्हणजे दुकाननोंदणीच्या, अर्जात काय स्पेलिंग गेलंय तेही बघ, नाहीतर बँकेत खातं उघडताना कागदपत्रांवर दोन नावं निघतील.

वहिनींना नमस्कार सांग. नवा नमुना आला की पाठव.

तुझा,
सुहास