एका प्रश्नचिन्हाबद्दल आभार

प्रिय ताई,

संदर्भसूचीची पानं लावताना तुम्ही शेजारी बसून जे शिकवलंत, त्याबद्दल हे जाहीर पत्र. पानांची मांडणी करणाऱ्या इतरांच्याही ते उपयोगी पडावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रेपने, म्हणजे नमुन्याच्या सूत्राने, मजकूर शोधायची सोय २००७ च्या सीएस३ आवृत्तीपासून आहे, आणि अशा सूत्रात बसणाऱ्या मजकुराला रूप देणारी ग्रेप स्टाईल २००८ च्या सीएस४ पासून. तरीही कंसातला मजकूर एकेक निवडून तिरका करणारे लोक आजही भेटतात. तुम्ही मला आधी एकच गोष्ट विचारलीत : मजकूर बदलायचाय की फक्त त्याचं रूप? बदलायचा असेल तर फाइंड-चेंज, म्हणजे शोधून बदलायची सोय. रूपच द्यायचं असेल तर पॅराग्राफ स्टाईलमध्ये (परिच्छेदाच्या ठरवलेल्या रूपात) ग्रेप स्टाईल, म्हणजे लेखकाने शेवटच्या प्रुफात नवी नोंद घातली तरी कॅरेक्टर स्टाईल (अक्षरांचं ठरवलेलं रूप) आपोआप लागते. दुरुस्त्यांच्या फेऱ्या ज्याने सोसल्यात, त्यालाच याचं मोल कळेल.

मग ते प्रश्नचिन्ह. कंस आणि त्यातला मजकूर पकडायला लिहिलेलं \(.+\) हे सूत्र परिच्छेदातल्या पहिल्या कंसापासून थेट शेवटच्या कंसापर्यंत सगळं गिळतं, मधली वाक्यंसुद्धा. तुम्ही त्यात एक खूण घातलीत, \(.+?\), आणि प्रत्येक कंस आपापल्या जागी थांबला. ‘सूत्र काय पकडतं यापेक्षा कुठे थांबतं ते बघ,’ हे तुमचं वाक्य मी रोज वापरते.

पृष्ठक्रमांकांमधली छोटी रेघ शोधून बदलण्यासाठी तुम्ही दिलेलं (?<=[०-९])-(?=[०-९]) मला अजूनही फार सुंदर वाटतं. दोन्ही बाजूंचे आकडे ते फक्त पाहतं, हात लावतं तो मधल्या रेघेला. पण तारखांमध्येही तीच रेघ असते, म्हणून ‘चेंज ऑल’ दाबण्याआधी काही जागा एकेक तपासायच्या, हा तुमचा आग्रह. तो शंभर टक्के योग्य आहे.

सगळ्यात मोठं ऋण मात्र देवनागरीचं. इंग्रजीसाठी लिहिलेल्या धड्यांत हे सापडत नाही. [क-ह] असं लिहिलं की फक्त मूळ व्यंजनं सापडतात. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त चिन्ह बाहेरच राहतात, कारण संगणकाच्या लेखी ती स्वतंत्र चिन्हं आहेत. ‘कि’मधला क एका स्टाईलमध्ये आणि वेलांटी दुसऱ्या, अशाने अक्षर फुटतं. म्हणून युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धतीतला देवनागरीचा पूर्ण पट्टा घ्यायचा, हे तुम्ही दाखवलंत. तेवढ्यावर न थांबता, ‘दऱ्या’सारखा शब्द काही कीबोर्डांवर टाइप केला की मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह येतं, ते त्या पट्ट्यात बसत नाही आणि शब्द तिथेच तुटतो, हेही तुम्ही कर्सर एकेक घर सरकवत दाखवलंत. इतक्या बारकाईने कोण शिकवतं?

तुमच्या सूत्रांची वही मी आता नव्या सहकाऱ्यांना देते. प्रत्येक सूत्राखाली ते काय पकडतं आणि काय सोडतं, ते साध्या मराठीत लिहिलंय. एखादं राहिलं असेल तर सांगा, भर घालेन.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
एक मांडणीकार