तात्या, तुमच्या डालग्याच्या विणीवर मी बर्फात चाललो

आदरणीय तात्या,

साष्टांग नमस्कार.

हिमाचलातल्या लाहौलहून परवा परतलो. चार दिवस बर्फात चाललो ते तुम्ही माझ्याकडून घडवून घेतलेल्या बर्फाच्या जोड्यांवर, म्हणजे पाय रुतू नयेत म्हणून बुटाखाली बांधायच्या विणलेल्या चौकटींवर. घरी येऊन सांगणारच आहे, पण तुमचं काम आणखी चार जणांना कळावं म्हणून हे पत्र असं उघडं लिहितोय. नातवाकडून वाचून घ्या.

मागच्या हिवाळ्यात भाड्याने घेतलेल्या जोड्याची प्लास्टिकची पट्टी गारठ्याने कडक होऊन तुटली आणि उरलेली वाट मी मांडीपर्यंत रुतत काढली. नवा पडलेला बर्फ पिठासारखा भुसभुशीत असतो. बुटाचा तळवा जेमतेम तीनशे चौरस सेंटीमीटरचा, आणि पाऊल टाकताना माझं नि पाठपिशवीचं मिळून ऐंशी किलो वजन त्या एकाच तळव्यावर येतं. पाऊणशे सेंटीमीटर लांब आणि सव्वीस रुंद असा लांबट गोल जोडा घातला की तेच वजन पाचपट जागेवर पसरतं. म्हणून यंदा जोडे स्वतः करायचे ठरवले. कॅनडात ते ॲश नावाच्या लाकडाचे करतात, वाफेवर वाकवून, आणि मध्ये कच्च्या कातड्याची वादी विणतात. सोलापुरात ॲश कुठून आणणार? तुमच्या दारी कळक, म्हणजे बांबू होता.

पहिली चौकट मी घरीच वाकवली होती, घाईघाईने. पुढच्या वळणाला ती तडकली. तो तुकडा तुम्ही हातात घेतलात आणि अंगठा फिरवून म्हणालात, "आरं, पाठ आत घेतलीस की. फुटंल न्हाय तर काय हुईल?" कळकाची सगळी ताकद त्याच्या हिरव्या पाठीत असते, ताण तिने सोसायचा, म्हणून वाकवताना ती बाहेरच्या अंगाला हवी. इतकी साधी गोष्ट मी कुठेच वाचली नव्हती. मग तुम्ही कामट्या दोन दिवस हौदात भिजवायला लावल्या. जाळावर फिरवत, तेलाचा हात देत, तसूतसूने वाकवल्या आणि दोरीने आवळून सावलीत सुकू दिल्या. मी रोज विचारायचो, झालं का? तुम्ही रोज नाही म्हणायचात. गड्ड्याची जत्रा सुरू झाली, नंदीध्वजांची मिरवणूक निघाली, तरी दोऱ्या सोडल्या नाहीत.

विणीचं चित्र तुम्हाला मोबाईलवर दाखवलं तो क्षण मी विसरणार नाही. तीन दिशांनी जाणारे धागे, मध्ये सहा कोनांची भोकं. मी समजावायला तोंड उघडलं, तोवर तुम्ही म्हणालात, "ही डालग्याची वीण हाय." कोंबड्या झाकायच्या डालग्याची! हजारो मैलांवरच्या शिकारी जमातींनी बर्फासाठी जी वीण काढली, ती तुमच्या बोटांत आधीपासूनच होती. कामट्यांऐवजी आपण नायलॉनची दोरी घेतली, कारण कातडं ओल्या बर्फात सैल पडतं. तुम्ही प्रत्येक धागा टिचकी मारून तपासलात आणि ढप्प वाजला तो मला पुन्हा ओढायला लावलात.

पण खरे आभार मानायचे आहेत ते बांधणीसाठी. मी पाऊल पुढूनमागून चौकटीला घट्ट बांधून टाकलं होतं. घट्ट म्हणजे पक्कं, असं मला वाटायचं. तुम्ही मला अंगणात चार पावलं चालायला लावलंत. "टाच कशाला बांधलीस? माणूस चालतो म्हंजे टाच उचलतो की." बर्फ कधी न पाहिलेल्या माणसाने माझी सगळ्यात मोठी चूक चार पावलांत पकडली. मग पहिल्या आडव्या कामटीच्या मागे पंजापुरती खिडकी ठेवली. तिच्या मागच्या काठाला जाड दोरी आडवी घेतली आणि चवड्याचा भार त्या दोरीवर आणला. आता टाच उचलली की बोटं खिडकीतून खाली झुकतात, जोड्याचं शेपूट बर्फावरच घसटत येतं आणि पुढचं टोक आपोआप वर राहतं.

पट्टा म्हणून तुम्ही जुन्या बाजेची सुती नवार काढून दिलीत. गंमत म्हणजे कॅनडातही पूर्वी दिव्याच्या वातीची रुंद सुती पट्टी याच कामाला वापरत. नवार पायाला कापत नाही, हातमोजे घालूनही बांधता येते. सूत पाणी पितं आणि गोठून ताठ होतं, म्हणून तिला मेण चोळलं. दोरीखालून काढून पंजावर फुली, मग टाचेमागून वळसा आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाला सुरगाठ. निरगाठ मारू नकोस, बोटं गारठली तर सुटणार नाही, असं तुम्ही तीनदा बजावलंत. सीना नदीच्या वाळूत, भर उन्हात, आपण दोघांनी ती गाठ किती वेळा बांधली नि सोडली!

लाहौलमधल्या सिस्सू गावाच्या पुढे दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं खरोखरच बधिर झाली होती. दातात टोक धरून ओढलं आणि गाठ सुटली. तेव्हा तुमची फार आठवण आली, तात्या.

जिथे उतरलो होतो तिथल्या आजींनी जोडा उलटा करून विणीवरून बोटं फिरवली आणि कोणी केला ते विचारलं. मी म्हटलं, आमच्या सोलापूरच्या बुरूड तात्यांनी मला शिकवलं. त्यांनी घरातला किल्टा, म्हणजे पाठीवर वाहायची बांबूची टोपली, आणून माझ्यापुढे ठेवला. त्याचे फोटो तुमच्यासाठी काढून आणलेत.

डाव्या जोड्याची मागची कामटी शेवटच्या दिवशी खडकावर आपटून चिरली. तुम्ही शिकवल्याप्रमाणे दोरीचे वेढे घालून आलो, ते शेवटपर्यंत टिकले. रविवारी सकाळी तो जोडा घेऊन येतो. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
अंगणात रोज येऊन बसणारा पोरगा
सोलापूर